गुरुवारच्या खोलीत मी पत्रकार म्हणून गेलो

बातमीतली मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात यावी, असं डेस्कवर शिकवतात. म्हणून ती पहिल्यांदा देतो. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मला वृषणाचा कॅन्सर झाला, आणि तो कुठं झाला हे मी माझ्या घरातही सरळ सांगितलं नाही.

मी कळंबला एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी आहे. घर येरमाळ्याला. देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वडिलांचं नारळ, खण, हळद-कुंकू अशा ओटीच्या सामानाचं दुकान आहे. आई-वडील आणि मी, एवढंच घर. उपचार आता संपले आहेत, तपासण्या सुरू आहेत. औषधांची माहिती इथं देत नाही, ती डॉक्टर देतात. धाराशिव जिल्ह्यातल्या ज्या मुलाला आंघोळ करताना हाताला काही लागलं आहे आणि तो गप्प आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

गाठ

गाठ दुखत नव्हती. न दुखणारी गोष्ट लपवायला सोपी असते. सोयाबीनची काढणी सुरू होती तेव्हा ती वाटाण्याएवढी होती, दिवाळी उलटली तेव्हा लिंबाएवढी. मधल्या काळात मी पीकविम्याच्या, रस्त्याच्या, बिबट्याच्या बातम्या दिल्या. एका आरोग्य शिबिराचीही दिली. ‘लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यावी’ हे तिच्यातलं शेवटचं वाक्य होतं.

सोनोग्राफीला गेलो तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टर बाई आहेत असं कळलं. मी दारातून परत आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. त्याच होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता काम केलं आणि शेवटी म्हणाल्या, “उशीर केलात. आता करू नका.”

निदानाच्या दिवशी अण्णा, म्हणजे वडील, बरोबर होते. मी त्यांना दवाखान्याच्या बाकड्यावर बसवून एकटा आत गेलो. डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सरच दिसतो आहे, डावं वृषण काढावं लागेल, हा आजार बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. यावर मी पहिला प्रश्न असा विचारला: “काप कुठं येईल?”

“जांघेत.”

“हर्नियाचा येतो तसा?”

“साधारण तिथंच.”

मला हायसं वाटलं. कॅन्सर ऐकल्यावर हायसं वाटलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बाहेर आलो. अण्णांनी विचारलं, “काय म्हनले?”

“हर्निया आहे अण्णा. ऑपरेशन करावं लागतंय.”

हर्निया हा शब्द माझा. तो मला कुणी सुचवला नाही, लपवायला कुणी सांगितलं नाही. पुढं जे झालं त्यात ही नोंद महत्त्वाची आहे.

वॉर्ड

काढलेल्या गाठीचा अहवाल आला आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या कॅन्सर रुग्णालयात जावं लागलं. रुग्णालयाच्या पाटीवरच आजाराचं नाव असल्यामुळं आई-अण्णांना तेवढं कळलं. मी सांगितलं की गाठ पोटात होती. आईनं कधी आजाराचं नाव घेतलं नाही. ‘ते’ म्हणायची. “ते आता कमी हाय का?”

गावात आणि सोयऱ्यांत मात्र हर्नियाच चालू राहिला. त्याला कारण होतं. पावसाळ्याच्या आधी माझी सुपारी फुटली होती. मुलगी वैष्णवी, कळंबलाच एका शाळेत शिकवते. सोयरीक उत्तममामांनी, म्हणजे आईच्या भावानं, जमवलेली. लग्न उन्हाळ्यात धरलं होतं. हर्नियाच्या ऑपरेशननं लग्न मोडत नाही, फार तर पुढं जातं.

केमोथेरपी सुरू होण्याआधी तिथल्या समुपदेशक मॅडमनी आम्हाला बसवून घेतलं. पुढं मूल हवं असेल तर आधी वीर्याचा नमुना साठवून ठेवता येतो, औषधांमुळं नंतर अडचण येऊ शकते, ठरवायला आज-उद्याचाच वेळ आहे, असं त्या म्हणाल्या. अण्णा शेजारच्या खुर्चीत होते. ते उठले, “पानी भरून आनतो” म्हणाले आणि भरलेली बाटली घेऊन बाहेर गेले. मॅडमनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, “गरज नाही.”

पुढं काय होईल हे आज कुणी सांगू शकत नाही. दुसरं वृषण चांगलं आहे, काही वर्षांनी तपासून कळेल. पण हे वाचणाऱ्यानं एवढं करावं: हा प्रश्न स्वतःहून विचारावा, आणि बापाला आधी चहाला पाठवावं.

वॉर्डात दिवस ठरलेला असायचा. सकाळी रक्त, मग नाष्टा, मग हातातल्या सुईला बाटली लागायची ती संध्याकाळपर्यंत. बहुतेक जण माझ्या वडिलांच्या वयाचे, तोंडाच्या आजाराचे. त्यांच्यात एक मोकळेपणा होता. “तुमचं कुठलं? माझं जिभंचं,” असं ते गाव विचारावं तसं विचारायचे. माझ्याकडे वळले की मी झोपल्याचं सोंग घ्यायचो. केसपेपर पलंगाच्या पायाशी अडकवलेला असायचा. त्यावर मी टॉवेल वाळत घालायचो. नर्स रोज टॉवेल काढायची, मी रोज घालायचो. ती कधी बोलली नाही. ओकारी आली की मात्र पाठीवर हात ठेवून उभी राहायची.

लाडू

केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर घरी आलो तोवर केस गेले होते. आमच्याकडे तरण्या माणसाचं डोकं गुळगुळीत दिसलं की लोक एकच विचारतात. हायवेच्या हॉटेलात चहावाल्यानं विचारलं, “कोन गेलं?”

“कुणी नाही. बालाजीला जाऊन आलो.”

ते तोंडातून निघून गेलं. मी घरी पोचायच्या आधी बातमी गल्लीत पोचली. संध्याकाळी शेजारच्या कमलमावशी दारात उभ्या.

“का गं, पोरगं तिरुपतीला जाऊन आलं अन् बोलली न्हाईस? परसाद कुठाय? का एकटीच खातीस?”

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मोबाईलमध्ये पाहिलं. आई म्हणाली, “पिशवी अजून सोडली न्हाय. उद्या देते.”

कमलमावशी गेल्या.  आईनं डब्यातून बेसन काढलं. काजू घातले, खडीसाखर घातली. देवघरातला कापूर चिमटीत घेऊन ती थांबली.

“ह्यो टाकतेत का रं त्यात?”

“टाकतात म्हणे. खायचा वेगळा असतो.”

तिनं कापूर परत ठेवला आणि तसेच लाडू वळले.

दुसऱ्या दिवशी कमलमावशींनी लाडू आधी कपाळाला लावला, मग चप्पल काढून खाल्ला. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते, तिच्यासाठी अर्धा पदरात बांधून नेला. वैष्णवीच्या वडिलांपर्यंतही गोष्ट गेली. त्यांचा फोन आला: “जावईबापू, सांगायचं तरी, लग्नानंतर जोडीनं गेला असता!” त्यांच्याकडं मामांबरोबर चार लाडू गेले.

आमचं घर देवीच्या दारात ओटीचं सामान विकून चालतं. ओटीत फुटका नारळ गेला तर अण्णा गिऱ्हाइकाला हाक मारून बदलून देतात. त्या घरात खोटा प्रसाद वळला गेला, तो माझ्या एका वाक्यामुळं. त्या आठवड्यात आई डोंगर चढून गेली, पायरीवर नाक घासून आली. माझ्यासाठी मागणं मागायला गेली असेल, असं अण्णांना वाटलं.

गुरुवार

समुपदेशक मॅडमनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं की दर गुरुवारी दुपारी उपाहारगृहामागच्या खोलीत तरुण रुग्ण जमतात. उपचार चालू असलेले आणि संपलेलेही. “तुमच्याच आजाराचा एक मुलगा येतो,” त्या म्हणाल्या. मी नाही म्हणालो. कारण दिलं की पत्रकार आहे, चार लोक ओळखतात.

तिसऱ्या वेळी भरती झालो तेव्हा रात्री झोप येईना. जवळ कुणाशी बोलावं असं माणूस नव्हतं. घरी बोलावं तर पोटातली गाठ, वैष्णवीशी बोलावं तर हर्निया, गावात बोलावं तर बालाजी. कुठं काय सांगितलं आहे हे आठवून बोलावं लागायचं. त्या गुरुवारी मी गेलो. पण माझ्या पद्धतीनं गेलो.

इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली, खिशाला पेन लावलं. दारात उभा राहून म्हणालो, “नमस्कार. मी दैनिकाचा प्रतिनिधी. तरुण रुग्णांवर एक लेख करतोय. तुमची हरकत नसेल तर थोडे प्रश्न विचारतो.”

खोलीत पाच जण होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये भेळेचा कागद. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं खुर्ची पुढं सरकवली. मी मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विचारलं, “निदान झालं तेव्हा तुमची पहिली प्रतिक्रिया काय होती?”

त्यांनी उत्तरं दिली. नीट, क्रमानं, एखाद्या पाहुण्याला देतात तशी. मी माना डोलावत होतो. मग रेणुका नावाची एकोणीस वर्षांची मुलगी, जिनं डोक्याला काही बांधलेलं नव्हतं, ती म्हणाली, “भाऊ, एक विचारू?”

“विचारा ना.”

“तुमच्या हेडऑफिसनं हातात सुई लावून पाठवलंय का?”

मी हाताकडे पाहिलं. मनगटावर सुई आणि चिकटपट्टी तशीच होती. मोबाईल मी त्याच हातात धरला होता.

कुणी मोठ्यानं हसलं नाही. तेच कठीण गेलं. सर्वांत कोपऱ्यातला मुलगा उठला, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. चोविशीतला, नखांत ग्रीस. “समीर,” तो म्हणाला. “सास्तूरचा. मोटारसायकलचं गॅरेज हाय. मॅडम तुमचं सांगत हुत्या, नाव न घेता. टोपी काढा ना पत्रकार, गरम होत आसंल.”

मी टोपी काढली.

“गावात काय सांगितलंय?”

“बालाजी.”

“अन् भुवया पण वाहिल्या का?” रेणुका म्हणाली. आता सगळे हसले. मीही हसलो, पण मान वर करता येईना.

समीरनं माझा मोबाईल उचलला, रेकॉर्डिंग बंद केलं आणि परत दिला. “आता माझं ऐका. माझा उजवा गेला. दोन वर्षं झाली. तुमचा?”

समोर एकोणीस वर्षांची मुलगी बसलेली. मी म्हणालो, “इथं नको.”

“तिचं काय सांगता, तिच्या मांडीतलं हाड काढून लोखंड घातलंय,” समीर म्हणाला. “ती रोज सगळ्यांला दाखवतीय.”

“डावा,” मी म्हणालो. निदान झाल्यापासून हा शब्द मी डॉक्टरांशिवाय दुसऱ्या कुणापुढं पहिल्यांदा उच्चारला.

“मग झालं की. दोन प्लगची गाडी असती बगा, एक गेला तर चालती. पिकअप जरा बघून घ्यायचा. तेवढंच.”

हा विनोद तो प्रत्येकाला सांगतो, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मला तो फक्त माझ्यासाठी सांगितल्यासारखा वाटला. त्यानं आणखी काही गोष्टी सांगितल्या, त्या कोणत्याही डॉक्टरांनी सांगितल्या नव्हत्या. औषधानंतर पाणी लोखंडासारखं लागतं, लिंबू पिळायचं. गाडीवर बसताना पहिले काही महिने भीती वाटते, ती डोक्यातली असते. बायकोला कसं सांगितलं हेही सांगितलं. लग्नाआधी. पहिली सोयरीक त्यामुळं मोडली. दुसरी, शबाना, तिनं एवढंच विचारलं की आजार परत येईल का. तो म्हणाला, माहीत नाही. तिनं होकार दिला.

“तुमच्या घरवालीला सांगितलं?” त्यानं विचारलं.

“लग्न व्हायचंय. सुपारी फुटलीय.”

“म्हंजे न्हाय सांगितलं.”

  रेणुकानं भेळेचा कागद माझ्याकडं सरकवला.

लेख मी अर्थातच केला नाही. पुढच्या गुरुवारी टोपी न घालता गेलो.

रसवंती

वैष्णवीला मी उपचार संपल्यावर भेटलो. कळंबच्या बाहेर रस्त्याला एक रसवंती आहे, तिथं. तिनं डोक्याकडे पाहिलं, केस अजून नीट आले नव्हते. मी सगळं सांगितलं. कुठं झालं, काय काढलं, काय साठवता आलं असतं आणि मी काय उत्तर दिलं. लाडवांचं सांगितलं, गुरुवारच्या खोलीतल्या समीर-शबानाचं आणि रेणुकाचंही सांगितलं. बातमी सांगावी तसं सांगितलं, दुसरं मला येत नाही. तिनं ग्लासला हात लावला नाही.

“हे किती जणांना माहीत आहे?”

“गुरुवारच्या गटातल्या पाच जणांना.”

“म्हणजे मी सहावी.”

“हो.”

“त्या पोरीला सांगितलंत, तिचं नाव काय ते. आणि मला व्हिडिओ कॉलवर टोपी घालून हर्निया.”

मी माफी मागितली. तिनं ती घेतली नाही, परतही केली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “त्या समीरच्या बायकोचा नंबर द्या.”

“तुला काय विचारायचं असेल तर मला विचार ना.”

“तुम्हाला नाही विचारता येणार. तुम्ही पुन्हा काहीतरी बालाजी सांगाल.”

मी नंबर दिला. माझ्यासाठी जशी ती खोली होती तशी तिलाही कुणीतरी लागणार, हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. समीरचा दुसऱ्या दिवशी फोन आला. “पत्रकार, तुमच्यापायी माझं कालवण करपलं. दोघी बोलत्यात, बोलत्यात.”

“काय बोलल्या?”

“मला काय ठाव? मला बाहीर काढलं.”

त्या दोघी काय बोलल्या हे मला आजही माहीत नाही. आठवड्यानं वैष्णवीनं फोन केला. ती म्हणाली, लग्न करायचं नाही असं ठरवलं आहे. आजार हे कारण नाही, मूल हेही नाही. “तुम्ही बरे झाल्यावर सांगितलंत. आजारी होता तेव्हा सांगायचं होतं. पुढं काही झालं तर मला कळेल का, याचा भरवसा वाटत नाही.” घरी तिनं एवढंच सांगितलं होतं की मुलाकडच्यांनी फसवलं. काय फसवलं ते सांगितलं नव्हतं. “ते तुमचं आहे. तुम्ही सांगा नाहीतर सांगू नका.”

मी तिचे आभार मानले. 

मंगळवार

मंगळवारी दुकानात गर्दी असते. मी अण्णांना ओट्या बांधू लागत होतो, आई आत बांगड्यांपाशी. उत्तममामांचा फोन आला. इतके चिडले होते की आवाज बाहेर ऐकू येत होता.

“अरं, काय करून बसलाव? पावनं म्हनतेत फसवलं. काय फसवलं? जमीन लपवली का वय लपवलं? माज्या पांढऱ्या केसांचं काय? म्या मधी पडलो हुतो!”

समोर शेजारच्या वाशी तालुक्यातून आलेलं एक कुटुंब ओटी घेत होतं. कमलमावशी त्यांच्या सुनेला घेऊन उभ्या होत्या. बाहेर जाऊन बोलता आलं असतं. मी गेलो नाही. धैर्य म्हणून नव्हे. बाहेर जाऊन बोलायचा आता कंटाळा आला होता.

“मामा, मला कॅन्सर झाला होता,” मी म्हणालो. “वृषणाचा. डावं काढून टाकलंय. मूल होईल का ते आत्ता सांगता येत नाही. हर्निया नव्हता. बालाजीलाही गेलो नव्हतो. हे लपवलं.”

ओटी घेणाऱ्या बाईनं पदर तोंडाला लावला. कमलमावशींनी सुनेकडं बघितलं. आईच्या हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या. 

अण्णांनी हातातली ओटी बांधून पुरी केली, त्या बाईला दिली, हात धोतराला पुसले आणि माझ्याकडं हात पुढं केला. मी फोन दिला.

“उत्तमराव, खरं हाय ते,” ते म्हणाले. “पोराचा दोष न्हाय. त्यो सांगतो सांगतो म्हनत हुता. लपवून ठिव म्हनून म्याच सांगितलं. शिव्या द्यायच्या त्या मला द्या.”

पलीकडून मामांनी फोन ठेवला. अण्णांनी तो मला परत दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “नारळ सोललेला का शेंडीचा?”

मी त्यांना म्हणालो, “अण्णा, असं नव्हतं झालं.”

“गप,” ते म्हणाले. “मानसं उभी हायत.”

उत्तममामा त्यानंतर आमच्या घरी आलेले नाहीत. ते आणि वैष्णवीचे वडील आजही माझ्या वडिलांना दोष देतात. मी दोघांकडे जाऊन सांगितलं, ते म्हणाले, पोरगा बापाला सांभाळून घेतोय. छापील शब्दावर माणसं जास्त विश्वास ठेवतात, म्हणून दुरुस्ती इथं देतो: हा आजार लपवायला माझ्या वडिलांनी मला कधीही सांगितलं नाही. तो निर्णय सर्वस्वी माझा होता.